भुरी, रोपमर आणि खताचा अर्क : वाचकांचे प्रश्न

दिवाळीनंतर आलेल्या पत्रांत शेडनेट आणि पॉलिहाऊसवाल्यांची पत्रं जास्त आहेत, आणि बहुतेकांनी एकच विषय काढलाय : कंपोस्ट टी, म्हणजे पिकलेलं कंपोस्ट खत पाण्यात भिजवून काढलेला अर्क. म्हणून बाकीच्या पिकांचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवून या वेळी याच पत्रांना उत्तरं देते.

प्रश्न : ताई, नमस्कार. मोहोळ तालुक्यात माझं २० गुंठ्यांचं पॉलिहाऊस आहे. काकडी घेतो. थंडी पडली की भुरी (पानांवर पांढरी पूड धरणारा बुरशीचा रोग) येते ती शेवटच्या तोड्यापर्यंत हटत नाही. आठवड्याला औषध मारतोय, कधी दोनदा. माल पुण्याला आणि हैदराबादला जातो. गेल्या हंगामात एका व्यापाऱ्याने औषधाचा अंश जास्त निघाला म्हणून माल परत पाठवायची भाषा केली. शिवारफेरीत एकाने सांगितलं, कंपोस्ट टी मारा, औषधाची गरजच पडत नाही. खरं आहे का? घरी दोन खिलार गाई आहेत, उसाचं पाचट भरपूर आहे, पाणी बोअरचं. कसं करायचं ते सविस्तर सांगा.

उत्तर : भाऊ, औषधाची गरजच पडणार नाही असं मी म्हणणार नाही. तसं कुणी छातीठोकपणे सांगत असेल, तर जानेवारीत, सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेच्या सुमारास त्याच्या प्लॉटवर जा आणि खालची पानं बघून या. फवारण्या मात्र कमी होऊ शकतात. तुमच्यासारख्या रोज-दिवसाआड तोडा असलेल्या माणसाला तेवढाही फायदा मोठा आहे, कारण औषधाच्या डब्यावर लिहिलेले काढणीपूर्वीचे दिवस काकडीत पाळणं किती अवघड जातं ते तुम्ही अनुभवता आहातच.

चांगल्या पिकलेल्या कंपोस्टमध्ये जिवाणू, यीस्ट, उपयुक्त बुरश्या भरपूर असतात. आपण त्यांना पाण्यात उतरवतो आणि पानावर नेऊन बसवतो. एस.टी.त खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसं यांचं काम : रोगाचा बीजाणू येण्याआधी पानावरची जागा आणि तिथलं थोडंफार अन्न धरून ठेवायचं. त्यातले काही जीव बुरशीला मारक द्रव्यं सोडतात, काही झाडाची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी करतात. पण हे सगळं बीजाणू रुजण्याच्या आधीचं काम आहे. भुरीचा धागा पानावर पसरून त्याने पेशींत शोषक मुळ्या घातल्या, की अर्काने तो निघत नाही. पांढरे ठिपके दिसल्यावर ड्रम भरायला घेतला तर मेहनत फुकट जाते. रोपाला चार-पाच पानं आली की सुरुवात करा आणि दर ७ ते १० दिवसांनी फवारा. वेल इतक्या झपाट्याने वाढतो की आठवड्याभरात वर आलेल्या नव्या पानांवर मागच्या फवारणीतलं काहीच नसतं.

या विषयावर जर्मनीतल्या बॉन विद्यापीठात हाइनरिश वेल्टसीन यांनी १९८० च्या दशकात बरंच काम केलं. द्राक्षावरच्या केवड्यासारख्या रोगांवर त्यांना चांगला गुण दिसला. त्यांचा अर्क हवा न देता, बरेच दिवस भिजवून काढलेला असे. पुढे अमेरिकेत पंपाने हवा सोडून एक-दोन दिवसांत अर्क काढायची पद्धत रूढ झाली. दोन्ही पद्धतींच्या चाचण्या अनेक देशांत झाल्या आहेत आणि त्यांचे निकाल एका ओळीत बसत नाहीत. कुठे रोग निम्म्याने घटला, कुठे काहीच फरक पडला नाही. हवा दिल्यामुळे रोग हमखास जास्त आटोक्यात येतो, असंही सिद्ध झालेलं नाही. पद्धत तीच ठेवून नुसतं खत बदललं तरी निकाल बदलतो. म्हणून माझा सगळा जोर ढिगावर आहे. पंप कुठला घेऊ हे सगळे विचारतात, खत कसं आहे हे फार थोडे विचारतात.

तर आधी ढीग. पाचटाची कुट्टी करा, त्यात गाईचं शेण, गोठ्यातला कचरा आणि थोडा हिरवा पाला घाला. कंबरेच्या वर उंच ढीग लावा, म्हणजे आत उष्णता धरते. ढिगाच्या पोटात ५५ अंशांच्या वर तापमान जायला हवं आणि ते पंधरा दिवस टिकायला हवं. या काळात पाचदा तरी ढीग उलटा, म्हणजे बाहेरचं सगळं एकदा तरी आत जाईल. थर्मामीटर नसला तर लोखंडी गज पोटात खुपसून दहा मिनिटं ठेवा आणि उपसून मुठीत धरा. हात लगेच सोडावा लागला तर ढीग बऱ्यापैकी तापलाय. आपल्याकडे उन्हात ढीग वरून कोरडाठाक होतो आणि आतलं कामच थांबतं, तेव्हा ओलावा बघत राहा : मूठ आवळली की बोटांत ओल यावी, पाणी गळू नये. पॉलिहाऊसमधले काकडीचे जुने वेल या ढिगात अजिबात नकोत. गरमी उतरल्यावर खत आणखी तीन-चार महिने सावलीत पिकू द्या. घाईने काढलेलं खत अर्काला चालत नाही.

खत पिकलं की नाही याची एक परीक्षा सांगते, ती जरूर करा. किराणा दुकानातून अळीव आणा. मूठभर खत दहापट पाण्यात तासभर भिजवून गाळून घ्या. दोन ताटल्यांत टिपकागद घाला, एक त्या पाण्याने भिजवा आणि एक साध्या पाण्याने. दोन्हींत वीस-वीस दाणे पसरा आणि झाकून ठेवा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अळिवाच्या पांढऱ्या मुळ्या बारीक पट्टीने मोजा. बी किती रुजलं आणि मूळ किती वाढलं, हे दोन्ही मिळून खताच्या ताटलीतली वाढ साध्या पाण्याच्या ८० टक्क्यांच्या वर असेल तर खत तयार आहे. मुळ्या आखूड, टोकाशी तपकिरी झाल्या असतील तर त्या खतात अजून झाडाला मारक द्रव्यं शिल्लक आहेत, महिनाभर थांबा. अळिवाचं मूळ फार नाजूक असतं आणि लगेच खरं सांगतं. जगभरच्या प्रयोगशाळा याच बियाण्यावर खत तपासतात.

आता पाणी. मोहोळकडचं बोअरचं पाणी अनेक ठिकाणी क्षारयुक्त आहे आणि खतातही क्षार असतात. दोन्ही मिळून पानांच्या कडा करपतात आणि आपण रोगाला दोष देतो. ईसी (पाण्यातल्या क्षारांचं माप) मीटर लावून बघा. नुसत्या पाण्याचीच ईसी २ च्या आसपास असेल तर ते अर्काला वापरू नका. तुमच्या छपरावर पडणारा पाऊस धरा. २० गुंठे म्हणजे साधारण २,००० चौरस मीटर. आपल्याकडे वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस झाला तरी त्या छपरावरून १० लाख लिटर पाणी वाहून जातं. अर्काला त्यातलं शंभरावा भागसुद्धा लागत नाही, आणि उरलेलं तुमच्या ड्रिपला अमृत आहे. पॉलिहाऊसला पन्हळ लावून शेततळ्यात पाणी सोडणारे शेतकरी जिल्ह्यात आहेत. सगळ्यांनीच करावं असं मला मनापासून वाटतं.

अर्क काढायची कृती परदेशी पुस्तकांत थंड हवेसाठी लिहिलेली असते आणि सोलापुरात ती जशीच्या तशी चालत नाही, याकडे फारसं कुणी लक्ष वेधत नाही. २० अंश तापमानाच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ३० अंशांना तो साडेसातवर येतो आणि ४० अंशांना साडेसहाच्याही खाली. उलट पाणी जितकं गरम, तितके जिवाणू जास्त श्वास घेतात. म्हणजे आवक घटते आणि खर्च वाढतो. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडमधला काळा ड्रम दुपारी हाताला चटका देतो. त्यात पंप कितीही घुरघुरला तरी अर्क नासणारच. माझं स्पष्ट मत आहे की मार्चच्या मध्यापासून मृग लागेपर्यंत आपल्या भागात अर्क काढूच नये. तुमच्या भुरीचा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी, तो अर्काला अगदी सोयीचा आहे. ड्रम झाडाखाली, कमरेइतका जमिनीत पुरून ठेवा. संध्याकाळी भरा, रात्रभर आणि दुसरा दिवस हवा सोडा, तिसऱ्या दिवशी पहाटे फवारा.

२०० लिटरच्या ड्रमला १० किलो खत पुरे. ते मच्छरदाणीच्या कापडाच्या पिशवीत सैल बांधून पाण्यात लटकवा. माशांच्या टाकीचा छोटा पंप इथे कामाचा नाही, मोठा एअर पंप आणि त्याला तळाशी दोन-तीन हवेचे दगड हवेत, पाणी सतत उसळत राहिलं पाहिजे. लाइट रात्रीच येते आणि मध्येच जाते हे मला ठाऊक आहे, त्यामुळे पंपाला बॅटरीची सोय करा. दोन तास हवा बंद राहिली तर त्या ड्रमचा वास घेऊनच पुढचं ठरवा. गूळ घालू नका. त्याचं कारण पुढच्या एका पत्राच्या उत्तरात दिलंय, ते तुमच्याही कामाचं आहे. तयार अर्क दोनदा गाळा आणि चार-सहा तासांच्या आत संपवा. ड्रम, नळ्या, दगड लगेच घासून उन्हात वाळवा. आतल्या बुळबुळीत थरात पुढच्या खेपेची घाण मुरते. हा अर्क ड्रिपमधून सोडू नका. डिस्क फिल्टर असला तरी आठवड्याभरात ड्रिपर चोक व्हायला लागतात.

फवारणीची वेळ. उघड्या शेतात संध्याकाळ चांगली, कारण ऊन या जिवांना मारतं. पॉलिहाऊसमध्ये मात्र हिवाळ्यात संध्याकाळी फवारलं तर पान रात्रभर ओलं राहतं. भुरीच्या बीजाणूला रुजायला पानावर पाणी लागत नाही, केवड्याला लागतं. म्हणजे भुरीवर फवारा मारून तुम्ही केवड्याला आवतण द्याल. पहाटे फवारा, आणि ऊन वर आलं की बाजूचे पडदे उघडा, दोन तासांत पान सुकलं पाहिजे. पानाच्या दोन्ही बाजू भिजवा. या निमित्ताने रोज सकाळी दहा-बारा पानं उलटून बघायची सवय लावा. वरच्या बाजूला पांढरे, पिठाळ, गोल ठिपके असतील तर भुरी. शिरांमध्ये अडकलेले पिवळे कोनाकृती डाग आणि त्याच जागी खालून करडी-जांभळट लव असेल तर केवडा. केवडा दिसला तर अर्कावर भरवसा ठेवून थांबू नका, शिफारशीतलं औषध लगेच घ्या.

गंधक मारत असाल तर तेही जपून. पारा ३२ अंशांच्या वर गेला की काकडीवर गंधकाने पानं होरपळतात, आणि पॉलिहाऊसमध्ये डिसेंबरातही दुपारी तेवढं तापतं. गंधक किंवा ताम्रयुक्त औषध मारलं की पानावर बसवलेले जीवही मरतात, तेव्हा मध्ये आठवडा जाऊ द्या आणि दोन्ही एका टाकीत कधीच मिसळू नका.

शेवटची गोष्ट मी अटच समजते : सगळ्या पॉलिहाऊसवर एकदम सुरू करू नका. शेजारशेजारचे दोन बेड अर्काचे, दोन नुसत्या साध्या पाण्याच्या फवाऱ्याचे, बाकीचे नेहमीसारखे. साध्या पाण्याचे बेड हवेतच, कारण नुसत्या पाण्याच्या फवाऱ्यानेही भुरी काही प्रमाणात घटते. बीजाणू धुऊन जातात आणि थेट पाण्यात भिजलेले फुटतात. ते बेड नसले तर पाण्याचं श्रेय खताला जाईल. दर आठवड्याला प्रत्येक बेडमधल्या दहा वेलींचं छातीच्या उंचीचं एकेक पान बघा आणि ठिपके वहीत लिहा. फरक दिसला तर पुढच्या हंगामात निम्म्या क्षेत्रावर करा. दिसला नाही तर खत बदलून बघा, किंवा सोडून द्या. भुरीवर दुधाचा फवाराही चालतो. ब्राझीलमध्ये वॅग्नर बेत्तिओल यांनी १९९९ साली ग्रीनहाऊसमधल्या झुकिनीवर तो तपासून चांगले निकाल प्रसिद्ध केले. दुधाच्या दराने २० गुंठ्यांना परवडणार नाही, पण दोन बेड त्याचेही ठेवून बघायला हरकत नाही.

आणि भुरीसहनशील वाण निवडणं, खालची म्हातारी पानं वेळेवर काढणं, युरियाचा हात आवरणं ही कामं अर्कापेक्षा जास्त फळ देतात. ती सोडून अर्काच्या मागे लागू नका.

प्रश्न : मी बार्शी तालुक्यात भाजीपाल्याची रोपवाटिका चालवते. प्रो-ट्रेमध्ये कोकोपीट भरून टोमॅटो, ढोबळी मिरची, काकडीची रोपं करते. पावसाळी हवेत रोपं जमिनीलगत बारीक होऊन आडवी पडतात. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला आवरणारी उपयुक्त बुरशी) वापरतेच. कंपोस्ट टीची आळवणी केली तर फायदा होईल का?

उत्तर : ताई, तुमच्याकडे तो प्रयोग करण्याजोगा आहे, आणि खरं तर पानांवरच्या फवाऱ्यापेक्षा मला आळवणीकडून, म्हणजे मुळांशी अर्क ओतण्याकडून, जास्त आशा आहे. कोकोपीटमध्ये सुरुवातीला फारसे जीव नसतात, तिथे पिथियमला, म्हणजे रोपं आडवी पाडणाऱ्या बुरशीसारख्या जीवाला, मोकळं रान मिळतं. अमेरिकेतल्या ओरेगनमधल्या दोन संशोधकांनी २००४ साली नेमकं हेच तपासलं : माती नसलेल्या माध्यमात काकडीच्या रोपांवरची पिथियमची रोपमर. हवा देऊन काढलेल्या अर्कात समुद्री शेवाळ आणि ह्युमिक आम्ल घातलं तेव्हा रोग सर्वांत भरवशाने दबला. मळीचं (मोलॅसिसचं) मिश्रण घातलेल्या अर्काचे निकाल मात्र कधी बरे, कधी नाही असे आले. न संपलेली साखर रोगाच्या बुरशीच्याही कामी येत असावी, असा त्यांचा निष्कर्ष. आपल्याकडे समुद्री शेवाळाचा अर्क आणि ह्युमिक आम्ल कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळतं. तुम्ही ते अगदी थोडं, अर्क काढायच्या सुरुवातीलाच घाला, आणि मळी किंवा गूळ टाळा.

पेरणीच्या वेळी एकदा आणि रोप वर आल्यावर एकदा, झारीने, ट्रेच्या तळातून थेंब गळेपर्यंत. ट्रायकोडर्मा त्याच दिवशी देऊ नका. कोण काम करतंय ते कळणार नाही.

मला तुमच्या पत्रात वेगळीच शंका आली. रोपं पावसाळी हवेतच पडतात असं तुम्ही लिहिता, तेव्हा त्या दिवसांत पाणी किती वेळा देता ते तपासा. ढगाळ दिवशी उन्हाळ्याच्या सवयीने दोनदा पाणी दिलं जातं, कोकोपीट चिंब राहतं, आणि पिथियम तर पाण्यातून पोहत पसरणारा जीव आहे. ट्रे उचलून वजन बघा, हलका लागला तरच पाणी द्या. जुने ट्रे ब्लिचिंग पावडरच्या पाण्यात बुडवून, स्वच्छ धुऊन, कडक वाळवून मगच भरा. ट्रे थेट जमिनीवर ठेवत असाल तर ते आधी बंद करा, टेबलं करून घ्या. यांतलं एकही काम अर्काने भरून निघत नाही.

प्रश्न : जुळे सोलापुरात आमच्या गच्चीवर छोटं शेडनेट आहे. पालक, कोथिंबीर, काकडी, चेरी टोमॅटो लावते. एका ओळखीच्यांनी कृती दिली : शेणखत, मूठभर बेसन, पाव किलो गूळ पाण्यात दोन दिवस ठेवून सगळ्या भाज्यांवर शिंपडायचं. जीवामृत आणि हे एकच का? नातू पाच वर्षांचा आहे, वेलीवरची काकडी तोडून तशीच खातो.

उत्तर : वहिनी, तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य वाचून मी हातातलं काम बाजूला ठेवलं. हे मिश्रण भाज्यांवर शिंपडू नका. आधी शिंपडलं असेल तर त्या पानांची-फळांची तोडणी सध्या थांबवा आणि ती कच्ची कुणाला देऊ नका.

जीवामृत हे जमिनीसाठी आहे. २०० लिटर पाण्यात १० किलो ताजं शेण, गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि मूठभर माती, हे आपल्या सगळ्यांच्या परिचयाचं आहे. ते मातीत जातं, तिथे ठीक. कंपोस्टचा अर्क तापवून पिकवलेल्या खतापासून काढतात. तुमच्या कृतीत दोन्हींची सरमिसळ आहे, आणि ‘शेणखत’ म्हणजे किती जुनं, तापलेलं की नुसतं उन्हात सुकलेलं, ते त्यात कुठेच नाही.

जनावर धडधाकट असलं तरी त्याच्या आतड्यात ई. कोलायचे माणसाला घातक असे प्रकार किंवा साल्मोनेला असू शकतात. शेण नीट तापलं नाही तर ते त्यात जिवंत राहतात. एरवी त्यांची संख्या थोडी असते. पण पाण्यात साखर घातली की त्यांचीही वाढ झपाट्याने होते. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत मळी घातलेल्या अर्कात ई. कोलाय ओ१५७ आणि साल्मोनेला पुन्हा वाढताना दिसले, आणि मळी जितकी जास्त तितकी वाढ जास्त. त्याच वर्षी तिथल्या सेंद्रिय मानक मंडळाच्या कृतिगटाने सांगितलं की असे पोषक पदार्थ घातलेला अर्क तपासणीशिवाय खायच्या भागावर वापरू नये, आणि पाणी पिण्याच्या दर्जाचं हवं. आपल्या गुळालाही हेच लागू. त्या देशाच्या सेंद्रिय शेतीच्या नियमांनुसार कच्चं शेण वापरलं तर जमिनीला टेकणाऱ्या पिकाची काढणी १२० दिवस आणि बाकीच्यांची ९० दिवस करता येत नाही. काकडी आपण दिवसाआड तोडतो. म्हणजे इतकं अंतर ठेवणं शक्यच नाही, आणि म्हणूनच काळजी ढिगापाशी आणि ड्रमपाशी घ्यावी लागते.

पहिल्या पत्रातल्या मोहोळच्या भाऊंना मी गूळ नको म्हटलं ते याचसाठी. लक्ष्मी मंडईत पोरं काकडी परकराला किंवा सदऱ्याला पुसून खातात, हे आपण रोज बघतो. त्या काकडीवर आपण काय फवारलं याची जबाबदारी आपलीच आहे. सेंद्रिय म्हटलं की आपोआप निर्धोक, ही समजूत मला फार अस्वस्थ करते.

तुमच्या गच्चीपुरतं सांगते. पालक आणि कोथिंबिरीवर पानांवर काहीही शिंपडू नका, त्यांची पानंच आपण खातो. चांगलं पिकलेलं कंपोस्ट कुंडीच्या मातीत मिसळा, त्याचा गुण तिथेच येतो. काकडीवर भुरी आली तर खालची पानं काढून टाका आणि सकाळी दुधाचं एकास नऊ पाणी फवारा. नातवाला काकडी वाहत्या पाण्यात चोळून धुऊन द्या आणि त्याला हात धुवायची सवय लावा. महापालिकेचं पाणी कुंड्यांना चालतं, त्याची चिंता नको.

प्रश्न : अक्कलकोटला दुकानदाराने कंपोस्ट टीचा ५ लिटरचा कॅन दिला. सहा महिने टिकतो म्हणाला. झाकण उघडलं तर फस्स आवाज झाला आणि नाकाला झोंबणारा वास आला. वापरू का?

उत्तर : नको. हवेवर जगणारे जीव बंद कॅनमध्ये सहा महिने राहत नाहीत. आत आंबण चाललंय, तो आवाज त्याचाच. पैसे परत मागा, पावती जपून ठेवा. बाजारात मिळणारी बॅसिलस किंवा ट्रायकोडर्माची पाकिटं वेगळी : ते जीव बीजाणूच्या रूपात झोपलेले असतात म्हणून टिकतात. तीही घेताना तयार केल्याची तारीख आणि नोंदणी क्रमांक बघा, आणि दुकानात ती उन्हात ठेवलेली नाहीत ना ते बघा.

प्रश्न : सांगोला. शेडनेटमध्ये टोमॅटो आहे. अर्क काढताना रात्री लाइट गेली, सकाळी ड्रमला गटारासारखा वास येत होता. १५० लिटर आहे, टाकून द्यायला जीव होत नाही.

उत्तर : भाऊ, पाण्याच्या टंचाईच्या तालुक्यातून लिहिताय, तुमचा जीव का होत नाही ते कळतं. टाकून देऊ नका, कंपोस्टच्या नव्या ढिगावर ओता, ढिगाला ओल हवीच असते. टोमॅटोच्या पानांवर किंवा मुळांशी मात्र अजिबात नको. सडताना त्यात अल्कोहोल आणि सेंद्रिय आम्लं तयार होतात, त्यांनी मुळं भाजतात.

प्रश्न : पंढरपूर तालुका. शेडनेटमध्ये रंगीत ढोबळी आहे, पानं वर वळून बारीक झाली आहेत. शेजारी डाळिंबाच्या बागेत तेल्या आहे. दोन्हींवर कंपोस्ट टी चालेल का?

उत्तर : दोन्हींवर नाही. ढोबळीची पानं वर वळली आहेत म्हणजे पहिला संशय फुलकिड्यांवर. शेंड्याखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा. पिवळसर, बारीक, धावणारे किडे पडले तर तेच. निळे चिकट सापळे लावा, नेटची भोकं आणि आतलं दुसरं दार तपासा, आणि किडीचं औषध कृषी विज्ञान केंद्राच्या सल्ल्याने बदलत राहा. विषाणू शिरलेलं झाड बरं होत नाही, ते उपटून पिशवीत घालून बाहेर न्या, बेडमधून ओढत नेऊ नका.

तेल्या झांथोमोनास जिवाणूमुळे येतो. पावसाचे शिंतोडे, कात्री आणि रोगट रोपं यांतून तो पसरतो. बागेची विश्रांती, छाटणीचा काळ, कात्रीचं निर्जंतुकीकरण आणि पडलेल्या फळांची विल्हेवाट यांवरच तो आटोक्यात राहतो. केगावचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ पासून आपल्याच जिल्ह्यात आहे, शेजाऱ्यांना घेऊन तिथे जा. जाताना डाग पडलेली पानं आणि एक-दोन फळं सोबत न्या, पण वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून. प्लॅस्टिकच्या पिशवीत घाम सुटतो आणि पोहोचेपर्यंत नमुना कुजतो.